विश्वसनीय सूत्र म्हणजे मामा

५ मार्च

चि. सरकार हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या टेबलावर पडेल तेव्हा मी नदीपलीकडे पोचलेला असेन, त्यामुळे ‘मामा, जाऊ नकोस’ हे वाक्य वाया घालवू नकोस. ते तू सरकारी खर्चाने आधीच छापलेलं आहेस. इथे सीमेवरच्या लॉजमध्ये, बेसिनच्या आरशाशेजारी, तुमच्या खात्याची प्रवास-सूचना चिकटवली आहे. दाढी करता करता सगळी वाचली. खाली सही तुझ्या साहेबांची असली तरी भाषा तुझीच, कारण ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द दोनदा आलेत. लहानपणी डबा अर्धा परत आणलास की ताई तुला याच शब्दांत झापायची.

वर लाल पट्टी. या भागात जाऊ नका, आमची कचेरी तिथून हलवली आहे, अडकलात तर सोडवायला कुणी येणार नाही, विमा लागू राहणार नाही. इथपर्यंत ठीक. पुढचं वाचून मात्र तुझा अभिमान वाटला. ‘तरीही जाणारच असाल तर मृत्युपत्र करा, अंत्यविधीबद्दलच्या इच्छा घरच्यांना कळवा, ओळख पटवण्यासाठी शरीरावरच्या खुणा लिहून ठेवा.’ अगं, किती प्रेमळ खातं आहे तुमचं! तर घे लिहून. मृत्युपत्र: हत्यारांची पेटी तुला, रेडिओ ताईला, आणि माझा स्वभाव कुणालाच नको. अंत्यविधी: असेन तिथे उरका, फक्त भाषणं नकोत. खुणा: डाव्या कानामागे तीळ आणि उजव्या गुडघ्यावर तुझ्या तीनचाकी सायकलने केलेला व्रण.

आता का चाललोय ते. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारी मशिनं बसवणं आणि दुरुस्त करणं, यात माझी छत्तीस वर्षं गेली. मोठा कुकरच तो, फक्त आतून भातासारखं काही निघत नाही. नदीपलीकडच्या हॉस्पिटलातले तिन्ही कुकर मीच बसवले, अकरा वर्षांपूर्वी. तिन्ही बंद पडलेत. तिथल्या सर्जनबाईंनी कंपनीला लिहिलं. कंपनीने कळवलं की तुमचा भाग लाल आहे, माणूस पाठवता येणार नाही. मग बाईंनी माझा घरचा पत्ता मिळवला. हत्यारं पातेल्यात उकळून ऑपरेशनं चालली आहेत म्हणे. जखम नीट शिवली जाते आणि चार दिवसांनी माणूस तापाने जातो. गेल्या महिन्यात असे नऊ गेले. पत्र वाचल्यावर मी घरात बसून रेडिओ ऐकू शकलो नाही, बस, एवढंच कारण आहे.

तिथे फोन नाही. औषध कंपनीचा एक ट्रक दर गुरुवारी जातो आणि त्याच दिवशी फिरतो. पत्र त्यांच्या ऑफिसात दिलंस की ड्रायव्हर मला पोचवेल. ताईला सांगितलंय की यंत्रांच्या प्रदर्शनाला चाललोय. तुझ्या पोटात राहू दे.

तुझा,
मामा


१२ मार्च

मामा,

साष्टांग नमस्कार घालणार नाही. उभ्या उभ्या हात जोडते, तेही अक्कल गहाण टाकलेल्या माणसापुढे.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं. मृत्युपत्र वाचून हसू आलं, तीनचाकी वाचून रडू आलं, आणि शिपाईकाका पाण्याचा ग्लास घेऊन धावले. मामा, ती खुणांची ओळ मी गंमत म्हणून लिहिलेली नाही. आमच्या खोलीत दर मंगळवारी एक शिंपीणबाई येतात. नवरा जनरेटर बसवायला तिकडे गेला, आठ दिवसांत येतो म्हणाला, त्याला आता चौदा महिने झाले. त्या विचारतात, काही कळलं? मी म्हणते, प्रयत्न चालू आहेत. प्रयत्न म्हणजे काय ते सांगू? आम्ही आमच्याच बंद कचेरीच्या पत्त्यावर पत्र पाठवतो. ते परत येतं. आम्ही ते फाईलला लावतो. तू हरवलास तर तुझ्यासाठी मला याहून जास्त काही करता येणार नाही, आणि हे मला माहीत आहे म्हणूनच मी ‘कोणत्याही परिस्थितीत’ दोनदा लिहिते.

आईच्या बाबतीत तुझा डाव फसला. प्रदर्शन बघायला निघालेला माणूस नटबोल्टचे पाने आणि नऊ रबरी गास्केट कशाला नेतो, एवढंच तिने विचारलं, आणि मला खोटं बोलता येत नाही हे खानदानात फक्त तुला माहीत नसावं. ती रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, ‘तीस वर्षं पी.टी. शिकवली. शिट्टी वाजल्याशिवाय एका पोराला रेषा ओलांडू दिली नाही. सरकारने लाल रेषा मारली आहे म्हणून गप्प बसते. नाहीतर आज गेले असते आणि कान धरून आणला असता त्याला.’ तेव्हापासून दिवसभर बातम्या लावून बसते आणि ताटातलं अर्धं तसंच ठेवते. वय सहासष्ट, भाऊ एकच. तू तिचा विचार शेवटचा कधी केलास रे?

परत ये म्हटलं तर येणार नाहीस. तेव्हा निदान नीट लिही. कुठला रस्ता चालू आहे, गोळीबार कुठे होतो, बाजार उघडतो का. नुसतं ‘मजेत’ लिहून पाठवलंस तर तुझं पत्र मी न वाचता परत करेन. आमच्याकडे तिकडची माहिती शून्य आहे. आठ महिने आम्ही वर्तमानपत्रं वाचून सूचना लिहितो. साहेब, ज्यांना आम्ही मागे ‘स्वल्पविराम’ म्हणतो कारण मसुद्यात त्यापलीकडे ते काही बदलत नाहीत, त्यांना नदी कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा माहीत नाही. उंटावरून शेळ्या हाकतोय आम्ही.

तुझी,
भाची


१९ मार्च

चि. सरकार,

अक्षर बघून दचकू नकोस. इथल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. ते डुगडुगतं आणि मी त्याच्याशी भांडत लिहितो.

तू मागितलीस तशी माहिती घे, अगदी क्रमवार. जुना पूल ठणठणीत आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला मी तिथवर जातो, कठड्याला टेकून उभा राहतो, लोक गळ टाकून बसलेले असतात, मासा कुणालाच मिळत नाही. दिवसा पुलावरून बस जाते. बाजार सकाळी भरतो. बेकरी चालू आहे, पाव जरा कडक, पण माझ्या दातांना व्यायाम हवाच होता. गोळीबार म्हणशील तर अधूनमधून लांबून ऐकू येतो, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तसा. पहिल्या दिवशी मी दचकलो. आता मान वर करत नाही.

पहिलं मशीन चालू झालं. दार उघडेना म्हणून मी त्याला आधी गोड बोललो, मग शिव्या दिल्या, शिव्या लागू पडल्या. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह चुन्याने बुजलाय. हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बाई मदतीला असतात. मी खुर्चीत बसून सांगतो, त्या पाना फिरवतात. माझी कंबर धरली आहे, दुसरं काही नाही. बाई पक्क्या आहेत, नट इतका आवळतात की पुढच्या जन्मी निघेल.

सर्जनबाई दिवसातून एकदा माझ्याकडे येऊन जातात, कामाचं विचारायला. फार बोलत नाहीत. परवा पहिल्यांदा हसल्या.

तर असं आहे. ताईला हे मोठ्याने वाचून दाखव आणि ताट संपवायला लाव. आणि तुझ्या स्वल्पविरामांना सांग, तुमचा लाल रंग जरा जास्तच तिखट झालाय, थोडं पाणी घाला.

तुझा,
मामा


२६ मार्च

ती. मामास,
साष्टांग नमस्कार. आज खरोखरचा.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पुलावर गळ टाकून बसलेल्यांचं ऐकून ती म्हणाली, ‘मूर्ख आहेत, पण जिवंत आहेत.’ मग जेवली. दोनदा भात घेतला.

आता माझी बातमी. बसला नसशील तर बस. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि पाचव्या वेळी वही घेऊन वाचलं. आठ महिन्यांत आम्हाला तिकडून आलेली ही पहिली सरळ माहिती, तीही कुठल्या भुरट्या बातमीदाराची नव्हे, तर गास्केटची जाडी डोळ्यांनी सांगणाऱ्या माणसाची. मी टिपण तयार केलं. ‘स्थानिक विश्वसनीय सूत्रांनुसार जुना पूल वाहतुकीस खुला असून दिवसा बससेवा सुरू आहे.’ सूत्र कोण, हे साहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिकडे नातेवाईक असलेले लोक आणि दोन-तीन व्यापारी सूचना सैल करा म्हणून कधीचे मागे लागले होते, त्यामुळे वरचेही खूश. सोमवारपासून नदीपलीकडचं गाव लालचं नारिंगी झालं आहे! ‘अत्यावश्यक कामासाठी, दिवसा, पुलामार्गे.’ नोकरीतल्या माझ्या आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या वाक्यात साहेबांचा एकही नवा स्वल्पविराम पडला नाही.

मध्ये एका वर्तमानपत्रात पूल पडल्याची दोन ओळींची बातमी आली होती. सहकारी म्हणाला, थांबूया का? मी ती ‘अपुष्ट’ असा शेरा मारून बाजूला ठेवली. म्हटलं, माझं सूत्र रोज संध्याकाळी त्या पुलाला टेकून उभं असतं.

तीन दिवसांत सतरा जणांनी जाण्यासाठी नोंदणी केली. बहुतेकांचं कुणी ना कुणी तिकडे आहे. एका जोडप्यातल्या बाईचे वडील आजारी आहेत, तिने माझे हात धरले. खरं सांगू, मामा? मला फार बरं वाटलं. नुसतं ‘नाही’ लिहिण्याची नोकरी आहे माझी. एकदा तरी ‘हो’ लिहिलं.

सतरांतलं एक नाव सांगायचं राहिलं. आई. परवा सकाळी मी डबा भरत होते तर ती माझी छापील सूचना घेऊन समोर उभी. चष्मा लावून मलाच वाचून दाखवली. ‘अत्यावश्यक काम म्हणजे काय? भाऊ. दिवसा म्हणजे? सकाळची बस. पूल आहे. मग हरकत काय?’ मी ‘आई, अगं’ करत राहिले आणि ती ट्रंक झाडत राहिली. माझाच कागद माझ्या तोंडावर धरला. शुक्रवारी सकाळच्या बसने निघते. शनिवारी दुपारी तुझ्यापुढे उभी राहील. कान धुऊन ठेव.

तुझी,
सरकार


२७ मार्च

अगं, थांबव तिला.

ड्रायव्हर नदीकाठी थांबलाय, अर्धा तास आहे. तुझं पत्र आत्ता वाचलं. ताई उद्या सकाळी निघणार आणि हे तुला परवा मिळणार, एवढं मलाही कळतं. तरी लिहितो, कारण दुसरं काही करता येत नाही.

पूल नाही. ९ तारखेला सकाळी पडला, मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी. मधल्या दोन कमानी पाण्यात आहेत. बस नदीपर्यंतसुद्धा येत नाही, दोन मैल आधी माणसं उतरवून पळते. ट्रक तुमच्या बाजूच्या काठाला थांबतो आणि औषधं एका होडीतून येतात. होडी कसली, टपच तो, नावाडी आणि दोन माणसं. पलीकडच्या टेकडीवरून तिच्यावर नेम धरतात. म्हणून दिवसात एकच फेरी. बेकरी जळाली. बाजार नाही. गळ टाकणारे मी मनाने बसवले. तुला काही सांगू नको, असं ड्रायव्हरलाही मीच बजावलं होतं.

टेबलाचे चारही पाय सरळ आहेत. मी डाव्या हाताने लिहितो. १४ तारखेला दुपारी अंगणात पाण्याच्या टाकीशी उभा होतो, गोळा टाकीवर पडला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. पहिलं मशीन मी त्याच दिवशी सकाळी चालू केलं होतं. सर्जनबाईंनी माझा हात शिवला तो त्याच मशीनमधून निघालेल्या हत्यारांनी. ‘तुम्ही माझे पहिले निर्जंतुक पेशंट,’ असं त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. ताप आला नाही. म्हणजे मशीन चांगलं चाललंय.

तू खरं लिही म्हणालीस आणि ताई जेवत नाही असंही लिहिलंस. मी दुसऱ्या वाक्याला उत्तर दिलं. मला वाटलं, मी भाचीला पत्र लिहितोय. तू सरकार आहेस, असं मी तुला रोज चिडवतो आणि नेमकं लिहिताना तेवढंच विसरलो. त्या सतरा जणांना माझ्या थापेवर कुणी पाठवू नका गं. लाल कर. आज कर. मामा खोटारडा आहे असं लिही फाईलवर, पण लाल कर.

नावाडी हाका मारतोय.

मामा


२ एप्रिल

आई आणि मामा, दोघांना,

तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं, मामा. आईची बस सुटून एक दिवस झाला होता. मी स्टँडवर धावले. कशासाठी, ते विचारू नकोस. रिकाम्या फलाटाकडे बघून परत आले.

तुला शिव्या देणार होते. यादी केली होती. मग माझ्याच टिपणाची प्रत समोर घेतली आणि यादी फाडली. पुलाची बातमी माझ्या हातात होती. ती बाजूला मी ठेवली. मामा म्हणतो म्हणजे खरं, इतकं सोपं झालं होतं मला सगळं. तू मला फसवलंस, पण मला फसायचंच होतं.

सोमवारी साहेबांपुढे तुझं पत्र ठेवलं. त्यांनी ते अखेरपर्यंत वाचलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, ‘नारिंगी झाल्यावर औषधांच्या ट्रकचा लाल भागासाठीचा खास विमा रद्द होऊन साधा लागू झाला. आता लाल केलं की तोही त्याच तासाला संपतो, ट्रक बंद. तुमच्या मातोश्री तिकडे आहेत. गुरुवारचा ट्रक जाऊन येऊ दे, त्या परत येऊ देत, शुक्रवारी सकाळी लाल करू. कुणाला कळणार आहे?’ माणूस वाईट नाही, आई. माझ्यासाठीच म्हणत होता. आणि मी खोटं कशाला बोलू, मी ‘हो सर’ म्हणून बाहेर आले. टेबलाशी बसले. समोर नोंदवही होती. तुझ्यासकट सहा जण गेलेले, अकरा बाकी, त्यातले नऊ मंगळवारच्या बसने जाणारे. एकीच्या कडेवर मूल आहे, नोंदणीला आली तेव्हा त्याने माझं पेन चावलं होतं.

सोमवारी चार वाजता लाल केलं. फाईलवर ‘स्थानिक विश्वसनीय सूत्र’ खोडलं आणि त्याजागी ‘माझा सख्खा मामा’ लिहिलं. साहेबांनी सही केली. सवयीने ‘सख्खा’नंतर एक स्वल्पविरामही घातला. अकराही जणांच्या घरी स्वतः गेले, तिघांनी तोंडावर दार आपटलं, पण कुणी गेलेलं नाही. मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय.

पण आई, लाल करताना मला माहीत होतं की मी तुमचा रस्ता बंद करते आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून लिहिते.

आता नीट ऐका. काल औषध कंपनीच्या ऑफिसात बसून राहिले. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, भरलेला माल सडवण्यापेक्षा एक फेरी मारतो, विमा नाही तर नाही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणून त्याने जो फॉर्म भरला तो मीच कधीकाळी तयार केलेला. खुणांच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘टक्कल’. ही शेवटची फेरी. उद्या दुपारी तो काठाशी एक तास थांबेल. होडीत दोन माणसं मावतात असं मामाने लिहिलंय. तुम्ही दोघंच आहात. सामान टाका, मशीन टाका, त्या सर्जनबाईंना माझा नमस्कार सांगा आणि निघा. आई, त्याने नखरे केले तर त्याला फरफटत आण. मी इथे कंपनीच्या गेटवर उभी आहे.

तुझी


३ एप्रिल

प्रिय बाळ,

मी, आई, लिहिते. मामा शेजारी बसून मला काय लिहायचं ते सांगतोय. त्यातलं निम्मं मी लिहिणार नाही.

मी शनिवारी पोचले. बसने रस्त्यात उतरवलं. नदीपाशी आले तर पूल नाही. तुझा कागद काढून पुन्हा वाचला, त्यात पूल होता. म्हटलं, सरकार लिहितं म्हणजे असेल कुठेतरी पुढे. काठाकाठाने दीड मैल चालले पूल शोधत. एक गुराखी माझ्यामागे धावत आला आणि त्याने मला हाताला धरून खाली बसवलं. त्या टेकडीवरून मी स्वच्छ दिसत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी होडीने आले. होडीत मी शिस्तीत डोकं खाली घातलं होतं. भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

याला बघितलं आणि आधी एक ठेवून दिली. मग त्याचा हात दिसला. मग मी पोरीसारखी रडले, आणि हा गाढव म्हणतो, ताई, दुसऱ्या हाताची अजून पाच आहेत. (मामा म्हणतो, ‘गाढव’ खोड. खोडणार नाही.)

दोन मशिनं चालू आहेत. तिसऱ्याचं दार कालपासून मी आणि लाँड्रीच्या बाई काढतोय, हा खुर्चीतून ओरडतो. मी त्याला सांगितलं, मैदानावर ओरडायचं काम माझं होतं, तू गप्प बस. सर्जनबाई म्हणतात, याच्या येण्यानंतर शिवलेल्यांपैकी एकही तापाने गेला नाही. हे खरं आहे, मी रजिस्टर बघितलं. हल्ली मी कुणाचं ऐकीव घेत नाही.

आता तुझ्या ट्रकचं. होडीत दोघं मावतात, बरोबर. तुझ्या नारिंगी कागदावर सहा जण निघाले. तीन जण तुटलेला पूल बघून काठावरूनच मागे फिरले, ते सुटले. एक मी. उरलं ते जोडपं, ज्यातल्या बायकोने आजारी वडलांसाठी तुझे हात धरले होते. ते होडीत असताना टेकडीवरून गोळी आली, नवऱ्याच्या मांडीत. वडील तर ती यायच्या आधीच गेलेले. सर्जनबाईंनी त्याचं रक्त थांबवलंय, पण हाड इथे जुळायचं नाही, त्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं आणि आठवड्यात न्यायला हवं. त्याला आडवा ठेवला आणि बायको उकिडवी बसली की होडी भरली.

आम्हाला फार वेळ लागला नाही. याने माझ्याकडे बघितलं, मी याच्याकडे. कागद आपल्या घरातून निघाला होता. याने थाप मारली, तू ती छापलीस, मी तिच्यावर ट्रंक भरली. त्या दोघांनी फक्त वाचलं. त्यांना ठेवून मी होडीत बसले असते तर घरी येऊन तुझ्याकडे बघू शकले नसते. हे पत्र तिच्याच हाती देते. गेटवर तुला आमच्याऐवजी ती दिसेल. तिच्यावर चिडू नकोस. तिला धर, तिच्या नवऱ्यासाठी रुग्णवाहिका बोलाव, आणि ती काही बोलली तर ऐकून घे.

तू लाल केलंस ते बरोबर केलंस. आमच्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबली असतीस तर मला तुझी लाज वाटली असती, आणि आत्ता, इथे बसून, थांबली असतीस तर बरं झालं असतं असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

ट्रक गेला की पत्र नाही. कधी चालू होईल, कुणाला माहीत नाही. मामा म्हणतो, लिही, सगळं ठीक आहे, महिन्याभरात येतो. मी पेन बाजूला घेतलं. बाळा, सगळं ठीक नाही. काल मागच्या भिंतीवर गोळा पडला. पीठ बारा दिवसांचं आहे. आम्ही दोघं म्हातारे आहोत आणि मला पळता येत असलं तरी याला सोडून पळणार नाही. तेव्हा काळजी कर. भरपूर कर. प्रत्येक ऑफिसात जा, टेबलं आपट, तुझ्या साहेबांची झोप उडव, त्या शिंपीणबाईंनाही सोबत घे. आम्हाला घरी यायचंय.

तुझी,
आई